'द कॉर्नर' बद्दल नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण मिळून 'द कॉर्नर' बघतो, त्यात आईवडील आहेत, कॉलेजची पोट्टी आहेत, स्वतः नशेतून बाहेर आलेले पण आहेत. नवीन कोणी आलं की तेच प्रश्न येतात, आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर वेगळेच येतात, जे चार लोकांसमोर विचारायला जड जातात. दोन्ही इथे घेतलेत. शो जुना आहे म्हणून शेवट पण सरळ सांगितलाय, ज्याला आधी कळायला नको त्याने "शेवटी कोण वाचतं" हा प्रश्न सोडून पुढे जा.

हा शो नेमका काय आहे?

एचबीओची सहा एपिसोडची मालिका, एप्रिल २००० मध्ये आलेली. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, त्याचा पश्चिम भाग, फेयेट आणि मन्रो हे दोन रस्ते जिथे मिळतात तो चौक, आणि त्या चौकाच्या आसपास विखुरलेलं एक कुटुंब. बाप गॅरी, आई फ्रॅन, पंधरा वर्षांचा मुलगा डीआंद्रे. आईबाप वेगळे झालेत, दोघंही नशेत आहेत, आणि मुलगा त्याच चौकात माल विकतो.

डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स यांच्या १९९७ च्या पुस्तकावरून ही बनली. सायमन 'बाल्टिमोर सन' पेपरचा रिपोर्टर होता, बर्न्स पोलीस डिटेक्टिव्ह होता आणि नंतर शाळेत शिक्षक झाला. १९९३ चं जवळजवळ अख्खं वर्ष हे दोघं त्या चौकात लोकांसोबत राहिले, बोलले, बघत बसले. मालिकेची पटकथा सायमन आणि डेव्हिड मिल्सची, दिग्दर्शन चार्ल्स डटनचं. त्या वर्षी एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे पुरस्कार, मिळाले ते मालिकेला, दिग्दर्शनाला आणि लेखनाला.

म्हणजे 'द वायर' च ना?

नाही, पण नातं आहे. 'द वायर' २००२ ते २००८ चाललं, पाच सीझन, ६० एपिसोड, शहर तेच आणि लिहिणारे पण बरेचसे तेच. क्लार्क पीटर्स दोन्हीत आहे, इथे तो फॅट कर्ट नावाचा म्हातारा झालेला नशेडी आणि तिथे डिटेक्टिव्ह लेस्टर फ्रीमन, बघताना ओळखू पण येत नाही. फरक असा की 'वायर' मध्ये पोलीस, बंदर, महापालिका, शाळा, पेपर असं सगळं शहर येतं आणि नशा करणाऱ्या माणसाला मुख्य जागा मिळते ती बबल्स नावाच्या एका पात्राला, तर इथे उलटं आहे, पोलीस गाडीतून येतात, दोघांना उचलतात, निघून जातात, कॅमेरा मात्र मागे राहिलेल्या माणसाजवळ थांबतो. घरात कोणी व्यसनात असेल तर आधी 'कॉर्नर' बघा असं मी सांगतो.

ही माणसं खरी आहेत का?

हौ, खरी आहेत. गॅरी मॅककुलो, फ्रॅन बॉइड, डीआंद्रे, त्याची मैत्रीण टायरिका, सगळी खरी माणसं, मुख्य लोकांची नावं पण बदललेली नाहीत. प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला दिग्दर्शक डटन कॅमेऱ्यामागून पात्रांना प्रश्न विचारतो, डॉक्युमेंटरीसारखे, तू कोण, इथे काय करून राहिला, असे, काही जण उत्तर देतात, काही जण टाळतात. ते ॲक्टर आहेत हे माहीत असून पण थोड्या वेळाने विसरायला होतं. आणि शेवटच्या एपिसोडला डटन खऱ्या फ्रॅनला, खऱ्या डीआंद्रेला समोर उभं करून बोलतो. आमच्याकडे त्या ठिकाणी दर वेळी खोली एकदम गप्प होते.

डटन स्वतः बाल्टिमोरचा आहे, तरुणपणी जेलमध्ये राहून आलेला आहे, तिथून पुढे येल विद्यापीठात नाटक शिकला. त्यामुळे त्या वस्तीकडे बघायची त्याची नजर पाहुण्याची नाही.

गॅरी एवढा हुशार, कमावता माणूस, तो कसा काय गेला त्यात?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि येतो तो बहुतेक वडिलांकडून.

गॅरीकडे नोकरी होती, वर साइडचा धंदा होता, शेअर मार्केटमध्ये पैसे लावलेले होते, वाचन होतं, देवाधर्माचं होतं. मालिकेत मधे मधे ते जुने दिवस येतात, चांगला शर्ट घातलेला, हसणारा गॅरी, आणि लगेच पुढच्या शॉटला तोच माणूस आईच्या घराच्या तळघरात. फ्रॅनसोबतचं लग्न मोडलं, मन ढासळलं, आणि हेरॉइन हाताच्या अंतरावर होतं. मालिका एकच असं कारण सांगत नाही आणि मला ते बरोबर वाटतं. खऱ्या आयुष्यात पण कोणी एकच कारण सांगू शकत नाही, आपणच नंतर शोधत बसतो की त्या मित्राने बिघडवलं, त्या पोरीने सोडलं, आम्ही मोबाइल घेऊन दिला म्हणून झालं.

पण माणसाच्या मागे शहर पण असतं. बाल्टिमोरची लोकसंख्या १९५० मध्ये साडेनऊ लाखाच्या आसपास होती, २००० मध्ये साडेसहा लाख उरली. पोलादाचा कारखाना, बंदर, गाड्यांचे कारखाने, जिथे कमी शिकलेल्या माणसाला पण घर चालेल एवढा पगार मिळायचा ती कामं एकेक करून कमी झाली, ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले आणि मागे रिकामी घरं राहिली. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडली, आता तिथे मॉल आहे, आणि त्या मिलमध्ये ज्यांचे आजोबा तिन्ही पाळ्यांत काम करायचे ती घरं अजून आपल्या आसपास आहेत, त्यांना विचारा काम गेल्यावर घरात काय काय बदललं. प्रत्येक घरात नशा आली नाही, हे पण तितकंच खरं, बहुतेक घरांनी निभावून नेलं. पण जिथे आली तिथे हातात वेळ होता आणि खिशात काम नव्हतं.

ते दिवसभर भंगार गोळा करतानाचं एवढं लांबलचक का दाखवलंय? बोअर होतं

माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात खरं तेच आहे. गॅरी सकाळी उठतो, अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, आणि त्याच अवस्थेत गाडी ढकलत निघतो, रिकाम्या घरातून तांब्याचे पाइप काढतो, लोखंड काढतो, भंगारवाल्याकडे नेतो, तो भाव पाडतो, मग माल विकत घ्यायचा, त्यात पण कोणी फसवतं, मग जागा शोधायची, मग तासाभराचं बरं वाटणं, आणि परत पहिल्यापासून. हे काम आहे, सुट्टी नसलेलं काम. ज्याला आपण आळशी, कामचोर म्हणतो तो माणूस दिवसाला घाम गाळून राहिला आणि संध्याकाळी त्याच्या हातात काही नाही.

हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "त्याला मजा येते म्हणून करतो" हे वाक्य तोंडातून निघत नाही. सुरुवातीला मजा असते, ते कोणी नाकारत नाही, पण सवय लागल्यावर हेरॉइन घेणारा माणूस बहुतेक वेळा फक्त आजारी पडू नये म्हणून घेतो.

अंगदुखी, उलट्या, थरथर, हे सगळं खरंच होतं की ॲक्टिंग?

खरंच होतं. हेरॉइन, ब्राउन शुगर ज्याला आपल्याकडे गर्द म्हणतात, ही अफूपासून बनलेली चीज आहे. रोज घेणाऱ्याचा डोस चुकला की साधारण सहा ते बारा तासात सुरू होतं, जांभया, नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, पाय आपोआप झटकतात, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग आठवडाभरात शरीर बरंचसं शांत होतं. बघताना वाटतं आता मरतो की काय, पण त्या काळात पाणी आणि क्षार भरून निघाले आणि डॉक्टरची औषधं असली तर धोका बराच कमी असतो.

इथे एक गोष्ट घरच्यांनी पक्की लक्षात ठेवा. दारूचं उलटं आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, माणूस बरळायला लागतो, नाही ते दिसायला लागतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. "खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसात सुटते" हा सल्ला आपल्याकडे फार प्रेमाने दिला जातो. देऊ नका. दारू सोडवायची तर डॉक्टरच्या हाताखाली.

नागपुरात कुठे हेरॉइन आहे? आमच्याकडे तर एमडी आणि गांजा, मग याचा काय संबंध

गर्द नागपुरात कधीच नव्हती असं नाही, पण हो, आजच्या पोट्ट्यांच्या तोंडी एमडी जास्त ऐकू येतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते अफूच्या घरातलं नाही, ते झोप उडवणारं, भूक मारणारं, बडबड वाढवणारं आहे. उतरल्यावर माणूस दोन दोन दिवस झोपतो, चिडतो, उदास होतो, काहींना सारखं वाटतं कोणीतरी मागावर आहे. हे 'कॉर्नर' मधल्या कोकेन आणि क्रॅकच्या जवळचं आहे. क्रॅक म्हणजे खाण्याच्या सोड्यात शिजवून खडा केलेलं कोकेन, चिलीमसारखं ओढतात, दहा-पंधरा मिनिटात उतरतं आणि लगेच परत हवं होतं. तिथले बरेच लोक हेरॉइन आणि कोकेन दोन्ही घेतात, म्हणून ते एकाच तासात कधी पेंगताना कधी पळताना दिसतात.

आणि बाकीचं तर आपल्या डोळ्यासमोर आहे ना जी. स्टेशनच्या बाहेर रुमालात सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचं रसायन, ओढणारी लहान लेकरं, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, झोपेच्या गोळ्या, आणि प्रत्येक चौकात पानठेल्यावर घोटून मिळणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा, जो आपण व्यसनात धरतच नाही. एम्सने २०१९ मध्ये दिलेल्या देशभराच्या सर्व्हेत दारू पिणारे १० ते ७५ वयातले साडेचौदा टक्क्यांच्या वर निघाले, आणि अफूच्या घरातली नशा करणारे दोन टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे संबंध आहे. चीज बदलते, घरातलं खोटं बोलणं, लपवणं, गहाण पडणारं सोनं हे तसंच राहतं.

फ्रॅनच्या त्या एपिसोडला आमच्या घरी सगळे रडले, ते बेडचं खरंच असं होतं का?

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: फ्रॅन एक दिवस ठरवते की बस झालं. डिटॉक्स सेंटरला जाते, तिथे सांगतात जागा नाही, यादीत नाव लावा. ती वाट बघते, त्या सगळ्या काळात त्याच घरात, जिथे प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी घेऊन राहिलंय. कपडे भरून, मुलांना समजावून ती पोचते आणि दाराशी परत कळतं की आज बेड नाही.

नशेतला माणूस "हो, मला सोडायचंय" असं रोज म्हणत नाही. कधीतरी एखाद्या सकाळी म्हणतो, आणि ती सकाळ दुपारपर्यंत टिकेल याची गॅरंटी नसते, म्हणून त्या सकाळी दार उघडं मिळायला पाहिजे. आपल्याकडे काय होतं, तो हो म्हणतो, मग मामाला फोन, मग सोमवारी जाऊ, मग आज अमावस्या आहे, मग पैशाची सोय, आणि तोवर तो परत चौकात. मी हात जोडून सांगतो, त्याने हो म्हणायच्या आधीच सगळी चौकशी करून ठेवा, कुठे जायचं, ओपीडी किती वाजता उघडते, कोण सोबत जाणार, आधार कार्ड कुठे आहे. हे तयार असलं की हो म्हटल्या म्हटल्या निघता येतं.

खांडी अलेक्झांडरने फ्रॅन केली आहे. ती कुठेच फ्रॅनला बिचारी होऊ देत नाही, ती खोटं बोलते, मुलाचे पैसे काढते, आणि त्याच संध्याकाळी त्याच मुलाच्या शाळेवरून भांडते पण. दोन्ही खरं असतं.

मग नागपुरात जायचं कुठे?

मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, व्यसनाचे पेशंट तिथे बघतात. मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याच्या नावाने लोक घाबरतात, घाबरू नका, तिथे गेलं म्हणून कोणावर शिक्का बसत नाही. फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलीमानस, सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही फुकट. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, नार्कोटिक्स ॲनॉनिमस हे व्यसन सोडणाऱ्यांचे आपसातले गट, त्यांच्या मीटिंगला फी नसते आणि नाव-गाव कोणी विचारत नाही, घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. राज्यात जुनं नाव म्हणजे पुण्याचं मुक्तांगण, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, काही घरं मुद्दाम शहराबाहेर ठेवायचं म्हणून तिकडे नेतात.

प्रायव्हेट सेंटरवाले घरून उचलून नेतो म्हणतात, ठीक आहे का?

नाही. ज्या ठिकाणी रात्री चार माणसं येऊन बांधून नेतात, महिनाभर घरच्यांना भेटू देत नाहीत, मारहाण होते, आणि डॉक्टर कोण आहे ते कोणी सांगत नाही, तिथे माणूस सुधारत नाही, तो तुमच्यावरचा विश्वास गमावून बाहेर येतो. पैसे भरायच्या आधी विचारा: नोंदणी कुठली आहे, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांची भेट कधी, बाहेर आल्यावर पुढचं काय. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक आजार येतात आणि पेशंटचे हक्क लिहिलेले आहेत. उत्तर देताना कोणी चिडलं तर उठून या.

सोडून आला, चांगला महिना झाला, आता काय भीती?

हाच काळ सगळ्यात भीतीचा आहे, आणि हे मी कितीदा सांगितलं तरी कमी आहे. गर्द किंवा अफूच्या घरातलं काहीही घेणाऱ्याचं शरीर सवयीमुळे मोठा डोस सहन करत असतं. काही आठवडे बंद राहिलं की ती सहनशक्ती उतरते. मग एखाद्या वाईट संध्याकाळी माणूस परत घेतो, आधी घ्यायचा तेवढंच घेतो, आणि श्वास थांबतो. सेंटरमधून, जेलमधून, दवाखान्यातून नुकतेच बाहेर आलेले लोक म्हणूनच जास्त दगावतात.

ओठ निळे, श्वास एकदम हळू किंवा घरघर, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी, हलवून उठत नाही, असं दिसलं तर १०८ ला फोन, माणसाला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, तोंडात पाणी-दूध काही ओतू नका, काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा. नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे जे श्वास परत आणतं, आपल्याकडे ते बहुतेक दवाखान्यात इंजेक्शनच्या रूपात असतं, म्हणून पोचणं महत्त्वाचं. पोलीस केस होईल या भीतीने माणूस घरी ठेवू नका.

पुन्हा घसरू नये म्हणून अफूच्या व्यसनाला औषधं पण आहेत, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, रोज देखरेखीत घ्यायची. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं नातेवाईक म्हणतील, त्यांचं ऐकू नका, डायबेटिसवाल्याला इन्शुलिन बंद कर असं कोणी म्हणत नाही. एमडीला मात्र असं बदली औषध नाही, तिथे झोप, जेवण, समुपदेशन, आणि उदासी किंवा संशय वाढला तर त्याची औषधं, एवढं आणि हे चिकाटीने.

मुलाच्या बॅगेत पुडी सापडली. शो वगैरे नंतर, आत्ता काय करू?

आत्ता काही करू नका, म्हणजे आरडाओरडा करू नका. नशेत असेल तेव्हा बोलू नका, तो झोपून उठू दे. तू काय लपवतो यापेक्षा मला काय सापडलं ते सांगा, सरळ, आणि मला भीती वाटून राहिली हे पण सांगा, खरं असेल तर. मग त्याला बोलू द्या, मधेच वडिलांनी हात उचलला तर पुढचे सहा महिने तो बोलणार नाही. रोख पैसे देणं बंद, पण जेवण, घर आणि दवाखाना बंद नाही. त्याची उधारी गुपचूप फेडत बसू नका, एकदा फेडली की दर महिन्याला येते. आणि बहिणीचं लग्न जमायचं आहे म्हणून सगळं दाबून ठेवू नका, माझ्या पाहण्यात घरं तिथेच अडकतात.

पोलीस पकडतील का? डॉक्टरकडे गेलो तर कळवतात का?

डॉक्टर पेशंटची माहिती गुप्त ठेवायला बांधलेला असतो. कायदा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, त्यात घेणं हा पण गुन्हा आहे, कलम २७, शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा एक वर्ष, चीज कोणती त्यावर, किंवा दंड. मेफेड्रोन २०१५ पासून यात आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ज्याच्यावर फक्त घेतल्याची किंवा थोड्या मालाची केस आहे आणि जो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार आहे त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. वकिलाला हे कलम आठवण करून द्या. थोडा माल म्हणजे हेरॉइनला ५ ग्रॅमपर्यंत, गांजाला १ किलोपर्यंत. मित्राचा माल सांभाळून ठेवणारा पोट्टा मात्र घेणारा राहत नाही, तो बाळगणारा होतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

डीआंद्रेला बघून पोरं त्याला हिरो समजतील, भीती वाटते

पहिल्या एपिसोडला समजतात. जोडे, पैसे, बेफिकीर चाल. सहाव्यापर्यंत समजत नाहीत, कारण मालिका त्याला कुठेच जिंकू देत नाही. तो एकीकडे आईवर चिडतो की तू घेते, दुसरीकडे तीच चीज दुसऱ्याच्या आईला विकतो. शाळेत परत जायचा प्रयत्न करतो, साधी नोकरी करून बघतो, टायरिकाला बाळ होतं, आणि तो स्वतः पोरच आहे. फक्त क्लिप बघू देऊ नका, पूर्ण बघू द्या आणि सोबत बसा. सोळाच्या खालच्यांना नको असं माझं मत, शिव्या आहेत, सुया आहेत.

नेहमी गरीब, काळ्या लोकांच्या वस्त्याच का दाखवतात?

हा आक्षेप रास्त आहे आणि अमेरिकेत पण घेतला गेला. नशा पैसेवाल्यांच्या बंद दाराआड पण असते, तिथे कॅमेरा जात नाही आणि पोलीस पण कमी जातात. 'कॉर्नर' ची बाजू एवढीच की तो त्या वस्तीतल्या एला थॉम्पसनला पण तेवढ्याच मायेने बघतो, जिची मुलगी मारली गेली आणि तरी जी त्याच वस्तीतल्या पोरांसाठी खेळायची, अभ्यासाची जागा चालवते. आमच्याकडे पण बघताना लगेच कोणीतरी एखाद्या मोहल्ल्याचं नाव घेतं. मी तिथेच थांबवतो. धरमपेठेतल्या फ्लॅटमधून पण मला रात्री मेसेज येतात.

शेवटी कोण वाचतं?

गॅरी मरतो, ओव्हरडोसने, मालिकेत आणि खऱ्या आयुष्यात पण. फॅट कर्ट जातो. फ्रॅन वाचते. खरी फ्रॅन १९९५ पासून नशेपासून दूर राहिली, इतरांना बाहेर काढायचं काम केलं, २००७ मध्ये डॉनी अँड्र्यूजशी लग्न केलं, ज्याच्यावरून 'वायर' मधलं ओमार हे पात्र थोडंफार घेतलंय, आणि २०२२ मध्ये वारली. डीआंद्रेने 'वायर' मध्ये छोटा रोल केला, बऱ्याचदा सोडलं, बऱ्याचदा परत गेला, आणि २०१२ मध्ये ३५ व्या वर्षी ओव्हरडोसने गेला. आई वाचली, मुलगा नाही. हे ऐकून आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं की मग उपयोग काय, तर उपयोग हा की फ्रॅनला जवळजवळ तीस वर्षं मिळाली आणि डीआंद्रेला पण मधली बरी वर्षं मिळाली, ती वर्षं कोणी परत घेऊ शकत नाही.

कुठे बघायला मिळेल, हिंदीत आहे का?

इंग्रजीतच, बोली कडक आहे, सबटायटल लावूनच बघा. ॲप बदलत राहतात म्हणून मी नाव देत नाही, नावाने सर्च करा. रोज एकच एपिसोड, सलग नको.

मराठीत असं कोणी का बनवत नाही?

बनवायला पाहिजे, मनापासून वाटतं. आपल्याकडे पडद्यावरचा नशेडी एक तर व्हिलनचा माणूस असतो नाही तर शेवटच्या सीनला रडून सुधारणारा मुलगा. मधला माणूस कुठेच नाही, जो मंगळवारी सोडतो, गुरुवारी परत घेतो, शनिवारी बहिणीला परीक्षेला सोडून येतो. कोणी नागपुरात लिहित असेल तर मालाचा सीन कमी ठेवा, पुडी कशी बांधतात ते दाखवायची काही गरज नाही. मेडिकलच्या ओपीडीत पोराचा केसपेपर हातात धरून बसलेली आई दाखवा, पानठेल्यावर उभा राहून घरी जायचं टाळणारा बाप दाखवा, आणि त्या पोराचा अख्खा दिवस दाखवा, सकाळपासून, कामासकट, भुकेसकट, घाईत नाही.

मला यायचंय पण घरी कोणाला सांगितलं नाही

या. सांगायची अट नाही, नाव पण नका सांगू. मागच्या बाजूला खुर्च्या असतात, मधूनच उठून गेलात तरी कोणी विचारत नाही.